एका बाराची पारध

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत शिकारीचे जे उल्लेख आढळतात ते बहुधा त्रोटक असतात. जंगलांत गेले, एक बार काढला, चितळ पडलें, मुक्कामास परत आले. एवढ्यांत सर्व हकीकत आटोपते. अशी नोंद हातीं आली म्हणजे कोणी ती लेखकाची आत्मप्रौढी समजतो, तर कोणी तींत संशोधनास उपयोगी असें कांहीं नाहीं म्हणून ती बाजूस सारतो. आमच्या मतें हे दोन्ही ग्रह बंदुकीच्या अपरिचयामुळें झाले आहेत. ठासणीच्या बंदुकीनें हरणाची शिकार साधली तर ती क्षणांत साधते. लांबली तर ती बहुधा फसलेली असते. असें कां होतें हें कळण्यास त्या हत्याराची रचना व ज्या रानांत तें वापरलें जाई त्या रानाची रीत, दोन्ही एकत्र पाहिलीं पाहिजेत.

रानाचें उदाहरण म्हणून आम्हीं गोंदिया जिल्हा घेतला आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून निराळा झाला; सबब कामठा, आमगांव, तिरोडा, अर्जुनी-मोरगांव इत्यादि ठिकाणांविषयींचे जुने कागद व १९०८ सालच्या ग्याझेटियरांतील मजकूर भंडाऱ्याखालीं शोधावा लागतो. मुलूख धानाचा व तलावांचा. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें सांगतात. तलावाभोंवतीं डोंगर, डोंगरांवर साग, ऐन, मोह, तेंदू यांचें रान, आणि रानास लागून धानाच्या बांध्या. चितळ, सांबर, रोही व रानडुक्कर रात्रीं पिकांत उतरतात. यामुळें मालगुजाराच्या वाड्यांतील बंदूक ही देखील आधीं पिकाच्या राखणीची वस्तु होती व मग शौकाची. या बाजूस तिला भरमार म्हणतात. नांव मोठें अन्वर्थक आहे. आधीं भरावयाची, मग मारावयाची, आणि पुन्हां मारावयाची तर पुन्हां भरावयाची.

भरण्याचा क्रम असा. नळी उभी धरून तींत मापानें दारू ओतावयाची, वर चिंधीचा बोळा, त्यावर शिशाची गोळी, पुन्हां बोळा, आणि दर वेळीं गजानें ठासावयाचें. नळीच्या बुडाशीं बाजूस जें बारीक छिद्र असतें त्यास कान म्हणतात. कानाच्या बाहेरील वाटींत बारीक दारू, म्हणजे रंजक, घातली कीं बंदूक तयार झाली. तोड्याच्या बंदुकींत शोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली दोरी, म्हणजे जामगी, धुमसत असते. चाप ओढतांच तिचें टोंक रंजकेस लागतें, ज्वाला कानांतून आंत जाते व बार होतो. चकमकीच्या बंदुकींत जामगीच्या जागीं गारेची ठिणगी आली, आणि टोपीच्या बंदुकींत आघातानें पेटणारी तांब्याची टोपी. आघातानें पेट घेणाऱ्या द्रव्याचा हा उपयोग स्कॉटलंडांतील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यानें काढून १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें, टोपी त्यानंतरची. (मध्यप्रांतांतील रानांवर ज्याचें पुस्तक १८७१ सालीं निघालें तो कॅप्टन जेम्स फोर्सिथ निराळा. त्यानें बंदुकांवरही लिहिलें असल्यामुळें दोघांची गल्लत होणें सोपें आहे.)

या रचनेचे परिणाम शिकाऱ्यास निमूटपणें सोसावे लागतात. पुन्हां भरण्यास सरावलेल्या हातासही अर्धें मिनिट सहज लागतें, आणि तेवढ्या वेळांत चितळ दृष्टीआड होतें. गुळगुळीत नळींतून सुटलेली वाटोळी गोळी पन्नास पावलांपलीकडे भरंवशाची राहत नाहीं. रंजक पेटणें व बार होणें यांमध्यें क्षणभराचें अंतर पडतें. तेवढ्यांत भडका पाहून हरीण दचकतें, आणि शिकाऱ्याचा हात हलला तर गोळी वायां जाते. हवा दमट असल्यास रंजक नुसतीच उडते व आंतील दारू तशीच राहते. म्हणजे जनावर जवळ हवें, उभें हवें, आडवें हवें, आणि बार एकच. पाठलागाला येथें जागाच नाहीं.

ही अट रान पुरी करीत असे. नवख्यास वाटेल कीं नवेगावबांधसारख्या तलावाच्या कांठीं बसलें कीं झालें. परंतु कित्येक मैलांच्या कांठावर हरीण कोठेंही पाणी पिऊं शकतें. तेव्हां मोठा तलाव हा शिकाऱ्याच्या कामाचा नव्हे. त्यास हवें असतें तें उन्हाळ्यांत उरलेलें रानांतील लहानसें डबकें, किंवा चैत्रांत गळूं लागलेला एकटा मोह. मोहाचीं फुलें पहाटेस गळतात व तीं वेंचण्यास चितळें उजाडण्यापूर्वींच झाडाखालीं येतात. वानरें वर बसून पाला व डहाळ्या खालीं टाकतात, त्यासाठींही चितळांचा कळप त्यांच्या मागें असतो. मात्र हींच वानरें शिकाऱ्यास पाहून खेंकसलीं तर सर्व व्यर्थ. म्हणून बैठकीची जागा आदल्या दिवशींच खुरांच्या खुणा व लेंड्या पाहून ठरवावयाची, वारा तोंडावर येईल असें बसावयाचें (जळत्या जामगीचा वास माणसाच्या वासाइतकाच वाईट), आणि रंजकेची वाटी दंवापासून झांकून ठेवावयाची. मग कळप येतो. पुढची वयस्क मादी मान उंच करून पाहते, पाय आपटते, थबकते. शिकारी तिच्याकडे पाहतच नाहीं. तीस-चाळीस पावलांवर एखादा नर आडवा झाला कीं माशी त्याच्या खांद्यामागें धरून चाप ओढावयाचा. सर्व कांहीं डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों होऊन जातें. धुरामुळें त्यापुढचें शिकाऱ्यासही दिसत नाहीं. जाणता मनुष्य तेथून लगेच उठत नाहीं. तो आधीं बंदूक पुन्हां भरतो, कांहीं वेळ थांबतो, आणि मग रक्ताच्या मागानें जातो. नोंद लिहिणारा या सर्वांतून एक बार आणि एक चितळ एवढेंच टिपतो, कारण बाकीचें त्याच्या वाचकास ठाऊकच होतें.

जवळ जाऊन किंवा जवळ आणून मारण्याची ही रीत बंदुकीनें आणली असें मात्र नव्हे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, म्हणजे इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, मृगयेच्या प्रकारांत पाण्यावरील शिकार व पाळीव हरणाच्या साह्यानें केलेली शिकार यांचें वर्णन आहे. धनुष्याच्या जागीं नळी आली. दबा तोच राहिला.

आतां कागदांकडे वळूं. दारूगोळ्याच्या खर्चाचीं कलमें आपल्या संग्रहांत पुष्कळांकडे असतील. त्यांवरून थोडें गणित करतां येतें. एक तोळा शिशाची वाटोळी गोळी अर्ध्या इंचाहून किंचित् कमी व्यासाची होते, आणि हलक्या देशी बंदुकीस ती योग्य असते. शेराचें मान गांवोगांव निराळें. तरी ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर शेरभर शिशाच्या ऐंशी गोळ्या होतात. दारू गोळीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरली तर ऐंशी बारांस सुमारें सत्तावीस तोळे, शिवाय रंजक. हें प्रमाण ढोबळ आहे हें खरें. पण ज्या यादींत दारू शेरांनीं आणि शिसें तोळ्यांनीं लिहिलें आहे ती यादी शिकारीची नव्हे, सलामीच्या बारांची अथवा आतषबाजीची असावी असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. दसऱ्याची किंवा लग्नकार्याची तिथि जवळपास सांपडल्यास अनुमान बळकट होतें.

उलट बाजूची परीक्षाही अशीच. एकाच बंदुकीनें लागोपाठ तीन हरणें पाडल्याची कथा आली तर बंदूक कोण भरून देत होतें हा प्रश्न प्रथम विचारावा. दुनळी असेल, छर्रे असतील, भरलेल्या बंदुका हातांत देणारे चाकर असतील. यांपैकीं कांहींच नसेल तर कथा मागाहून फुगविलेली समजावी. अबुल फजलनें ऐने-अकबरींत अकबराच्या संग्राम नांवाच्या खास बंदुकीनें १०१९ जनावरें मारल्याचें लिहिलें आहे. तो आंकडा बादशाही इतमामाचा आहे, भरणारे, हांके घालणारे व हिशेब ठेवणारे सर्व दिमतीस असतांनाचा. वाड्याच्या खुंटीवरील एका भरमारीस तो लावूं नये.

संग्राहकांकडून आणखी एक चूक होते ती कालनिर्णयाची. तोड्याची बंदूक दिसली कीं ती पेशवाईतली, आणि टोपीची दिसली कीं इंग्रजी अमलांतली, असा निकाल सर्रास दिला जातो. वास्तविक टोपी निघाल्यानंतरही खेड्यापाड्यांत तोड्याच्या बंदुका वापरांत राहिल्या, आणि जुन्या नळ्यांस नवीं टोपीचीं यंत्रें बसविण्याचीही चाल होती. एकाच बंदुकीची नळी एका काळची, यंत्र दुसऱ्या काळचें व कुंदा तिसऱ्याच काळचा असूं शकतो. सबब चापावरून काळ न ठरवितां नळीची घडण, कानाची जागा, बुजविलेलीं भोंकें हीं पाहावीं, आणि कान साफ करण्याची सुई, गोळ्यांचा साचा, दारूचें शिंग व माप हीं बंदुकीपासून तोडूं नयेत. साचा जपला असेल तर त्यांतून निघणाऱ्या गोळीचें वजन वर सांगितलेल्या हिशेबाशीं ताडून पाहतां येतें. भंगार म्हणून तो विकला गेला कीं तें साधन कायमचें गेलें.

ती पारध आतां इतिहासजमा झाली आहे. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें, १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, नवेगाव १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. बंदुका मात्र घराघरांत राहिल्या आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें दुरुस्त करूनही चालूं न शकणाऱ्या कालबाह्य हत्यारास सूट आहे. चालूं शकणाऱ्या भरमारीस परवाना लागतोच, मग ती कितीही जुनी असो.

माळ्यावरून काढलेली बंदूक भरलेली आहे कीं काय हें पाहिल्यावांचून ती कोणाच्या हातीं देऊं नये. काळी दारू कोरडी राहिल्यास कित्येक वर्षें जिवंत राहते, आणि फसलेला बार तसाच आंत ठेवून बंदूक खुंटीस लावलेली असणें अशक्य नाहीं. परीक्षा सोपी आहे. तोंड आपल्याकडे न करितां, लांकडी काठी हलकेच तळापर्यंत सोडावी, तोंडाशीं खूण करावी, काठी बाहेर काढून नळीवर धरावी. खूण तोंडाशीं ठेवल्यावर काठीचें टोंक कानापर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. दोन-तीन बोटें अलीकडे राहिलें तर आंत कांहीं आहे असें समजून बंदूक तशीच आडवी ठेवावी, जवळ दिवा आणूं नये, आणि पोलीस ठाण्यास कळवून जाणत्या कारागिराकडून ती रिकामी करवावी.