‘हुतात्मा’ आणि ‘ठार झालेले’ : पश्चिम खानदेशातील दोन गोळीबारांचे स्मरण

राज्यसत्तेच्या दडपशाहीत ज्यांचे प्राण गेले, त्यांचे सार्वजनिक स्मरण हा विषय सामान्यतः इतिहासकाराच्या कक्षेतला समजला जातो. परंतु स्तंभ उभा राहण्यापूर्वी त्यावर कोरावयाचा शब्द निश्चित व्हावा लागतो, आणि तेथे भाषाभ्यासकाचा अधिकार सुरू होतो. या दृष्टीने म्हसावदचा परिसर विशेष विचारार्ह आहे. शहाद्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणमाळच्या वाटेवर वसलेल्या या गावाच्या एका अंगास तापीपलीकडचे नंदुरबार आहे, तर दुसऱ्या अंगास तळोदे तालुक्यातील रावलापाणी. दोन्ही ठिकाणी, सहा महिन्यांच्या अंतराने, एकाच सरकारच्या गोळ्यांनी माणसे मेली. हा सर्व मुलूख तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये झाला.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा ही पाच मुले त्यात मरण पावली. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. भर वस्तीत त्यांचे स्मारक आहे, पाचांचीही नावे ज्ञात आहेत, आणि शिरीषकुमारचे नाव महाराष्ट्रातील बहुतेक शाळकरी मुलांच्या कानांवरून गेलेले असते.

२ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. हे लोक संत गुलाम महाराजांनी स्थापलेल्या ‘आप’ पंथाचे अनुयायी होते. १९३८ मध्ये महाराज निवर्तल्यानंतर पंथाची धुरा त्यांचे बंधू रामदास महाराज यांच्याकडे आली होती. मद्यत्याग, शुचिता आणि सामुदायिक आरती असे या पंथाचे आचरण होते. अनुयायी परस्परांस ‘आप’ म्हणत. ज्यांना सावकार, जमीनदार आणि शिपाई या तिघांकडूनही ‘अरे-तुरे’ याखेरीज दुसरे संबोधन सहसा लाभत नसे, त्यांनी एकमेकांसाठी आदरार्थी सर्वनाम स्वीकारावे, ही घटना केवळ धार्मिक म्हणून बाजूस सारता येत नाही. (सर्वनामांच्या सामाजिक व्यवहारावर लिहिणाऱ्यांचे या उदाहरणाकडे फारसे लक्ष गेलेले नाही, हे नवल होय.) रावलापाणीचे मृत १५ व जखमी २८ असे सांगितले जाते. सर्वसामान्य वाचकापुढे येतो तो हा आकडा. नावे येत नाहीत.

आता शब्दाकडे वळू. ‘हुतात्मा’ हा बहुव्रीही समास आहे : हुत, म्हणजे अग्नीत अर्पिलेला, आहे आत्मा ज्याचा तो. मराठीत तो रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः सावरकरांस दिले जाते. त्याच्या जागी पूर्वी चालणारा ‘शहीद’ हा अरबी शब्द साक्ष या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. साक्षी म्हटले की कशाची साक्ष, कोणाविरुद्ध साक्ष, हा प्रश्न मागोमाग येतो. यज्ञाच्या रूपकात तो येत नाही. तेथे अर्पण करणारा आणि अर्पिला जाणारा एकच; मारणाऱ्यास त्या चित्रात स्थानच उरत नाही. शब्दाचा गौरव वादातीत आहे, परंतु त्या गौरवाची ही किंमत आहे.

‘हुतात्मा’ न म्हणावे तर उरतो तो वृत्तपत्रांचा व दप्तराचा वाक्प्रयोग : ‘गोळीबारात पंधरा ठार झाले’. ‘पोलिसांनी गोळ्या झाडल्या’ या वाक्यात तृतीयेचा कर्ता टाळता येत नाही; ‘गोळीबार झाला’ येथे तो अनायासे गळतो, आणि ‘गोळीबारात’ या सप्तमीने तर गोळीबार हा वादळवाऱ्यासारखा एक प्रसंग होऊन बसतो. प्रस्तुत लेखातही रावलापाणीच्या परिच्छेदाचा आरंभ याच अकर्मक रचनेने झाला आहे, तर नंदुरबारच्या वाक्यात पोलीस कर्त्याच्या जागी आहेत. ही सवय इतकी मुरलेली आहे.

जुना वीरगळ या बाबतीत अधिक स्पष्टवक्ता होता. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते, त्यामुळे नाव हरपते; पण खालच्या चौकटीत झुंज कोरलेली असते आणि शस्त्र उगारलेला शत्रू तेथे दिसतो. आधुनिक स्तंभाने नाव दिले आणि शत्रू पुसला. मॉस्कोत २००७ पासून दर २९ ऑक्टोबरला सोलोवेत्स्की शिळेपाशी स्टालिनकालीन दडपशाहीत मारल्या गेलेल्यांची नावे वाचली जात : नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. समारंभ एवढाच. तो योजणाऱ्या ‘मेमोरियल’ संस्थेच्या विसर्जनाचा आदेश रशियन न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला.

राज्यसत्ता आधीच्या सत्तेचे बळी सुखाने स्मरते, असे स्थूलमानाने म्हणता येईल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये गोळ्या झाडणारे सरकार स्वदेशी होते. पण फ्लोरा फाउंटनपाशी १९६१ मध्ये स्मारक झाले तेव्हा ते द्वैभाषिक राज्य संपलेले होते. तेथेही १०५, १०६, १०७ असा आकडा बदलत गेला आणि आकडाच नावासारखा रूढ झाला.

म्हसावदच्या शिवारातील पाटीलवाडीचे प्रकरण याहून अवघड आहे. मे १९७१ मध्ये तेथे आदिवासींवर गोळी चालली ती जमीनमालकांच्या बाजूने. त्यातूनच पुढे अंबरसिंग सुरतवंती यांच्या चळवळीस बाहेरच्या कार्यकर्त्यांची जोड मिळाली, ३० जानेवारी १९७२ रोजी भूमिमुक्ती परिषद भरली आणि श्रमिक संघटना उभी राहिली. येथे मारणारा सरकारी नव्हता, म्हणून ‘हुतात्मा’ हा शासनमान्य शब्द या मृत्यूस लागू होत नाही, आणि दुसरा शब्द मराठीने घडविलेला नाही.

रावलापाणीस दर २ मार्चला लोक जमतात. नाल्याच्या खडकांवरील खळगे दाखवून ते गोळ्यांचे म्हणून सांगितले जातात. हे सांगणे भिली बोलीतून होते. त्या कथनांत क्रियापदाचा कर्ता कोण असतो, मृतांना कोणत्या नात्याने संबोधिले जाते, आणि ‘हुतात्मा’ हा तत्सम शब्द तेथे मुळात येतो का, याची नोंद सांगणारे आहेत तोवरच करता येण्यासारखी आहे.