घरच्या स्टिरिओवरचे मिक्सिंग : एक चिवट गैरसमज

सिद्धेश्वर यात्रेची गाणी, पंढरीच्या वारीचे अभंग, भीमगीते आणि हलगीच्या ठेक्यावरची लोकगीते सोलापूर शहर-जिल्ह्यात आता अनेकदा घरातल्याच एखाद्या खोलीत, संगणकासमोर बसून तयार होतात, आणि या कामाच्या भोवती एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ऐकणारा माणूस गाणे घरच्या स्टिरिओवर, मोबाइलवर किंवा रिक्षातल्या स्पीकरवर ऐकतो, मग मिक्सिंगही तसल्याच स्पीकरवर करावे, स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे मिक्सिंगसाठीच्या खास स्पीकरची, चैन हवीच कशाला? हा युक्तिवाद इतका सरळ वाटतो की त्याची उलटतपासणी सहसा होत नाही. प्रत्यक्षात तो मुळातच चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या गळ्याची व चांगल्या हाताची मेहनत वाया जाते.

मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले गळा, पेटी, ढोलकी, हलगी, बेस यांच्या पातळ्या आणि त्यांच्या आवाजाचा पोत एकमेकांशी जुळवणे. हे सारे निर्णय कानाने घ्यायचे असतात, आणि कानापर्यंत पोचते ते स्पीकरच्या आणि खोलीच्या तावडीतून सुटलेले गाणे. पुष्कळसे घरगुती स्टिरिओ ऐकायला सुखद वाटावेत अशा बेताने घडवलेले असतात; ढोलकीचा घुमारा आणि बेसचा भरीवपणा ज्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात असतो, तो पट्टा त्यांत फुगवलेला आढळतो. समजा ही फुगवण ६ डेसिबेलची आहे, म्हणजे त्या पट्ट्यातला ध्वनिदाब दुप्पट झाला आहे. अशा स्पीकरसमोर बसलेल्या माणसाला ढोलकीचा घुमारा अंगावर येतो, तो इक्वलायझरने तेवढा भाग ६ डेसिबेलने उतरवतो, आणि त्याच्या खोलीत गाणे झकास वाजू लागते. मात्र फुगवण स्पीकरची होती आणि कात्री लागली ती गाण्याला. तेच गाणे दुसरीकडे वाजले की ढोलकी पोकळ पत्र्यासारखी ऐकू येते. स्पीकरचा दोष गाण्यात असा उलटा होऊन उतरतो, ही या प्रकरणातली कळीची गोष्ट आहे.

ऐकणाऱ्याचाही स्टिरिओ बेस फुगवतोच, मग हिशेब जुळेल, असे यावर सांगितले जाते. तो जुळला असता, जर सगळ्यांच्या स्टिरिओत एकच दोष एकाच प्रमाणात असता. एखादा संच १०० हर्ट्झला फुगतो, एखादा २०० ला, मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा बेस जवळपास येतच नाही, तर मिरवणुकीतल्या बॉक्सच्या भिंतीतून त्याचाच पूर लोटतो. दोषांच्या या गर्दीत सगळ्यांपासून त्यातल्या त्यात सारख्या अंतरावर राहणारी एकच जागा आहे, ती म्हणजे कोणताही पट्टा न उचलणारा व न दाबणारा, म्हणजेच सपाट प्रतिसाद देणारा स्पीकर. घरगुती स्पीकर सारेच लबाड असतात, असाही याचा अर्थ नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील फ्लॉइड टूल यांनी स्पीकरचे नाव-रूप श्रोत्यांपासून लपवून घेतलेल्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष १९८५-८६ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आले, श्रोत्यांनाही सपाट आणि खाचखळगे नसलेला प्रतिसादच अधिक आवडतो असे दिसून आले. बीबीसीने फिरत्या प्रक्षेपण-गाड्यांतील अपुऱ्या जागेसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर पुढे घराघरांतील संगीतप्रेमींचा लाडका झाला, तो उगाच नव्हे. मोल पाटीवरच्या 'मॉनिटर' या शब्दाचे नसून मोजमापाचे आहे.

या वादात हुकमाचा पत्ता म्हणून यामाहाच्या एनएस-१० चे नाव पुढे येते. तो १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला, घरांत फारसा रुजला नाही, आणि नंतर जगभरच्या स्टुडिओंत त्याचे पांढरे शंकू दिसू लागले, हे खरेच आहे. त्यावरून घरगुती स्पीकर मिक्सिंगला उत्तम असा निष्कर्ष काढणे मात्र वस्तुस्थितीचा विपर्यास आहे. त्या काळातील इतर असंख्य घरगुती स्पीकर स्टुडिओत का शिरले नाहीत, याचे उत्तर मग कोणी देत नाही. फिलिप न्यूवेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ अकूस्टिक्सच्या परिषदेत नेमका याच स्पीकरवर शोधनिबंध मांडला. या स्पीकरचा प्रतिसाद सपाट नाही, मधल्या पट्ट्यात तो उठावदार आहे आणि खोल बेस त्यात नाहीच. परंतु त्याची पेटी पूर्ण बंद असल्यामुळे खालचे स्वर वाजून चटकन थांबतात. छिद्र ठेवून बेस वाढवलेल्या पेट्यांत तेच स्वर थोडा वेळ रेंगाळत राहतात, त्यामुळे ठोका कुठे संपला आणि बेसचा सूर कुठे सुरू झाला हे कळेनासे होते. एनएस-१० ची किंमत या स्पष्टतेसाठी होती, आणि मोठ्या स्टुडिओंत त्याच्या मागे भिंतीत बसवलेले मोठे मॉनिटर खोल बेस दाखवायला हजर असत.

मॉनिटर घेतले की काम झाले, हा उलट बाजूचा भ्रमही तितकाच महागात पडतो, कारण खोली स्पीकरइतकाच, किंबहुना बेसच्या बाबतीत त्याहून मोठा, बदल घडवते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरला तर दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा स्वर अडकून घुमू लागतो. खोली दहा बाय दहाची आणि छतही तेवढेच उंच असेल, तर तिन्ही दिशांना तोच स्वर घुमतो. हे पडताळायला ५७ हर्ट्झचा सलग सूर लावून खोलीच्या मधोमध उभे राहावे आणि मग हळूहळू भिंतीकडे सरकावे : मध्यभागी तो सूर जवळपास नाहीसा होतो आणि भिंतीशी कान भरून टाकतो. खुर्ची नेमकी मधोमध ठेवणारा माणूस म्हणूनच बेस वाढवत सुटतो.

यावर सोलापुरात सहज सुचणारा उपाय म्हणजे भिंतींवर चादरी लावणे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिची वीण दाट आहे, पण ५७ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरच्या वर असते आणि भिंतीलगत हवेचे कण जवळपास हलतच नाहीत, त्यामुळे तिथे टांगलेले कापड त्या लहरीला अडवू शकत नाही. चादर शोषते ते फक्त वरचे स्वर. खोली मग मंद आणि घुमणारी होते, मिक्सिंग करणारा वरचे स्वर वाढवतो, आणि मोबाइलवर तेच गाणे कानाला टोचते. अंड्यांच्या ट्रेची गत याहून वेगळी नाही. कोपऱ्यांत, भिंतीपासून थोडे अंतर सोडून ठेवलेले रॉकवूलचे चार ते सहा इंच जाड फलक पुष्कळ अधिक उपयोगी पडतात, जरी सर्वांत खोल स्वरांना तेही पुरते आवरत नाहीत.

आणखी काही समजुतीही तपासून घ्यायला हव्यात. मॉनिटरमध्ये अँप्लिफायर असतोच, हे खरे नाही. एनएस-१० ला तो बाहेरून जोडावा लागे. वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबेल वाढतो. छोट्या खोलीत मोठा वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा स्पीकर, फायद्यापेक्षा घुमाराच अधिक वाढवतो. हेडफोनवर खोलीचा दोष टळतो, मात्र डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही पोचतो तसे तिथे होत नाही, म्हणून आवाजांची मांडणी फसवी वाटते. मोबाइलवर आणि रिक्षात गाणे तपासून पाहणे योग्यच आहे, परंतु ते मिक्स झाल्यानंतरच्या पडताळणीसाठी.

मोठ्या आवाजात मिक्स केले की दोष नीट दिसतात, या समजुतीला फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३ मधील निष्कर्षांनीच छेद जातो : आवाज हळू झाला की कानाला बेस प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो, त्यामुळे जोरात वाजवून जुळवलेला बेस घरी हळू आवाजात ऐकताना बारीक वाटतो. म्हणून आवाज साध्या बोलण्यापेक्षा जरासा वर ठेवून, दोन्ही मॉनिटर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण साधून, ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या पातळीवर आणून बसावे, आणि स्टिरिओवरच काम भागवायचे असेल तर निदान त्याचे बेस बूस्टचे बटण बंद करावे.