मंगळयान नेमकं कशानं संपलं?

मंगळयान आता पुन्हा कामाला येणार नाही, असं इस्रोने ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर केलं. तेव्हापासून ‘मंगळयान कोसळलं’, ‘इंधन संपलं म्हणून खाली पडलं’ अशी वाक्यं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. या वाक्यांमागे एक चित्र आहे: यान म्हणजे जणू विमान, इंजिन बंद पडलं की जमिनीवर येणारं. पण ग्रहाभोवती फिरत राहायला इंधन लागत नाही. आपला चंद्र काही पेट्रोल भरून फिरत नाही. एकदा हवा तो वेग आणि दिशा मिळाली, की पुढचं काम ग्रहाचं गुरुत्वाकर्षण करतं. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान ज्या कक्षेत शिरलं, ती मंगळापासून जवळच्या टोकाला सुमारे ४२२ किलोमीटर आणि दूरच्या टोकाला सुमारे ७७,००० किलोमीटर होती. मंगळाची हवा मुळातच विरळ. ४२२ किलोमीटरवर तर ती नावापुरतीच उरते. यान मंगळावर आदळलं असं इस्रोने म्हटलेलं नाही. एप्रिल २०२२मध्ये लांबलेल्या ग्रहणानंतर संपर्क तुटला, इंधन संपलं असावं आणि त्यामुळे वीज मिळण्यासाठी यानाला योग्य दिशेला रोखून धरता आलं नाही, एवढंच इस्रोचं निवेदन सांगतं.

फिरायला इंधन लागत नाही, तर मग ते लागतं कशाला, हा रास्त प्रश्न आहे. ते लागतं तोंड वळवायला. मंगळयानाला सौर पंख होता एकच, तीन तावदानांचा, आणि तोही एकाच बाजूला. मंगळावर पोचणारं ऊन पृथ्वीवरच्या उन्हाच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे पंख सूर्याकडे नीट रोखलेला असलाच पाहिजे, शिवाय २.२ मीटर व्यासाची अँटेना पृथ्वीकडे. उन्हाचाही बारीकसा दाब असतो. पंख एका कुशीला असल्याने तो दाब यानाला सतत किंचित पिळत राही. आतली फिरती चाकं तो पीळ स्वतःवर घेत, आणि ती वेगाच्या मर्यादेला पोचली की छोट्या थ्रस्टरांनी उलटा रेटा देऊन त्यांचा वेग उतरवावा लागे. प्रत्येक रेट्याला थोडं इंधन. १,३३७ किलोंचं यान श्रीहरिकोट्याहून निघालं, तेव्हा त्यात साडेआठशे किलोंच्या आसपास इंधनच होतं. मंगळाच्या कक्षेत शिरल्यावर उरलं ते जेमतेम ४० किलो.

दुसरा घाव ग्रहणाचा, आणि त्याची गंमत कक्षेच्या आकारात आहे. लंबगोल कक्षेत यान ग्रहाजवळ सुसाट धावतं आणि दूर गेलं की रेंगाळतं. दूरच्या टोकाला मंगळयानाचा वेग सेकंदाला पाव किलोमीटरहूनही कमी होता. मंगळाचा व्यास सुमारे ६,८०० किलोमीटर. त्याची सावली तिथे नेमकी आडवी आली, तर ती ओलांडायला सात-आठ तास लागतात. बॅटरी मात्र बेतलेली होती सुमारे १ तास ४० मिनिटांच्या अंधारासाठी. हे संकट इस्रोला ठाऊक होतं. जानेवारी २०१७मध्ये असंच आठ तासांपर्यंतचं ग्रहण समोर दिसत होतं, तेव्हा १७ तारखेला थ्रस्टर चालवून कक्षाच बदलली गेली. त्या एका चालीत सुमारे २० किलो इंधन गेलं आणि १३ किलो उरलं. २०२२ साली तशी चाल खेळायला गाठीशी काही उरलं नव्हतं. म्हणून ‘इंधन संपलं’ हे उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे.

कोणी म्हणेल, सहा महिन्यांचं यान आठ वर्षं चाललं, म्हणजे आयुष्य मुद्दाम कमी सांगितलं होतं. तसं नाही. सहा महिने ही किमान हमी होती. इंधन किती वाचेल हे सुमारे ३०० दिवस निजलेलं मुख्य इंजिन पुन्हा पेट घेतं की नाही आणि कक्षा किती अचूक साधते, यावर अवलंबून होतं. ती बाजी जुळली, म्हणून पुढची वर्षं मिळाली. उलट आक्षेपही ऐकू येतो: यान बंद पडलं म्हणजे ४५० कोटी वाया. यंत्र थांबलं म्हणजे मोहीम फसली, हा हिशेबच चुकीचा. असं मोजलं तर एकही मोहीम यशस्वी ठरणार नाही. मात्र एका बाबतीत टीका मान्य करावी लागते. संपर्क एप्रिलमध्ये तुटला आणि अधिकृत निवेदन ऑक्टोबरमध्ये आलं. एवढ्या मौनात अफवा पिकणारच.

‘आठ वर्षांत मंगळाचं कोडं उलगडलं’ हा गैरसमज गोड आहे, म्हणून जास्त चिवट. मंगळयानावर पाच उपकरणं होती, सगळी मिळून १५ किलोंची. त्याच्या दोनच दिवस आधी मंगळाला पोचलेल्या नासाच्या मेव्हनवर सुमारे ६५ किलोंची होती. मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याने पूर्ण मंगळगोलाची आणि डीमॉस या उपग्रहाच्या पलीकडल्या बाजूची चित्रं दिली, तर वातावरण तपासणाऱ्या मेंका उपकरणाला वरच्या थरात अपेक्षेहून तप्त आर्गॉन सापडला. ज्या मिथेनची सर्वाधिक चर्चा झाली, त्याबाबत मात्र निर्णायक निष्कर्ष हाती आला नाही. पण ही मोहीम मुळात तंत्रज्ञान सिद्ध करण्यासाठी होती, आणि पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत शिरून तिने ते काम २४ सप्टेंबर २०१४च्या सकाळीच पुरं केलं होतं.