काझी करीमुद्दीन यांची फेटाळलेली दुरुस्ती

दहावीला निवडणूक प्रक्रिया शिकवताना आम्हाला दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. तीस टक्के मतं घेऊन माणूस निवडून येतो, मग उरलेल्या सत्तर टक्क्यांचं काय? तेव्हा आम्ही वर्गाला एक नाव सांगतो, काझी सय्यद करीमुद्दीन.

काझी साहेब मध्यप्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेत गेले होते. जानेवारी १९४९ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीवर चर्चा चालू असताना त्यांनी दुरुस्ती मांडली की मतदारसंघ बहुसदस्यीय असावेत आणि मतदान संचयी पद्धतीनं व्हावं.

संचयी म्हणजे काय, बघा. चार जागांचा मतदारसंघ, हजार मतदार. प्रत्येकाला चार मतं. ती चौघांना वाटा, नाहीतर चारही एकालाच द्या. अडीचशे जणांच्या गटानं आपली सगळी हजार मतं एकाच उमेदवाराला दिली. उरलेल्या साडेसातशेंकडे तीन हजार मतं. चारही जागा घ्यायच्या तर प्रत्येक उमेदवाराच्या वाट्याला साडेसातशेच येतात. म्हणजे अडीचशेंचा माणूस येणारच! यात धर्म कुठं विचारलेला नाही. गट शेतमजुरांचा असेल, छोट्या पक्षाचाही असेल. (महापालिकेतही चार नगरसेवकांचा प्रभाग असतो, पण तिथं प्रत्येक जागेला वेगळं मत, चारही एकाला देता येत नाहीत.)

डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. देशात साक्षरता कमी आहे आणि सरकारं स्थिर राहणार नाहीत, ही त्यांची दोन कारणं बऱ्याच जणांना ठाऊक असतात. तिसरं फारसं कुणी सांगत नाही. अल्पसंख्याकांना राखीव जागांचा ठरलेला वाटा कबूल झालेला आहे, प्रमाणशीर पद्धतीत तो पक्का राहणार नाही, फक्त प्रतिनिधी निवडताना आवाज मिळेल. वाटा सोडून आवाज घ्यायचा का, हे अल्पसंख्याकांवरच सोपवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला हा मुद्दा रास्त वाटतो. पण मे १९४९ मध्ये सभेनं धर्मावर आधारित राखीव जागाच काढून टाकायचं ठरवलं, तेही काही मुस्लिम सदस्यांच्या पाठिंब्यानं. वाटा गेला, आणि आवाजाची दुरुस्ती चार महिने आधीच फेटाळलेली.

"सर, विरोधात कुणी कुणी मत दिलं?" मुलं विचारतात. सांगता येत नाही. कामकाजात दुरुस्ती नामंजूर एवढंच आहे, नावं नाहीत. आजही संसदेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानानं होतात. कुणी मतविभाजन मागितलं तरच कोण कुठल्या बाजूला होतं ते नोंदलं जातं. म्हणून आपल्या खासदारानं काय केलं हे पाहताना भाषण, त्यानं मांडलेली दुरुस्ती आणि मतविभाजन, तिन्ही बघावं लागतं.

काझी साहेब १९५० च्या दशकात राज्यसभेवर गेले. तिथले सदस्य आमदार निवडतात, एकल संक्रमणीय मतानं. तीही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचीच पद्धत.