मोबाईल बघणारा डॉक्टर कच्चा असतो?

कळमनुरी किंवा सेनगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासता तपासता मोबाईल उघडला, की सोबत आलेल्यांच्या मनात येतं, यांना येतं की नाही? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १०३ फॅमिली डॉक्टरांवर झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. दर दहा पेशंटमागे त्यांना तीनहून अधिक प्रश्न पडत होते, आणि त्यातल्या ६४ टक्के प्रश्नांची उत्तरं त्यांनी लगेच शोधलीच नाहीत. धास्ती घ्यायचीच तर या न शोधलेल्या प्रश्नांची घ्यावी.

दुसरा समज असा, की ऑनलाइन मिळतं ते सगळं परदेशातलं, हिंगोलीच्या शिवारात त्याचा काय उपयोग? याला उत्तर लाल विंचवाचं आहे. हळद काढताना दगडाखाली हात गेला आणि हा विंचू चावला, तर दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय आणि पुढे फुप्फुसात पाणी, इथपर्यंत मजल जाते. अशा पेशंटना प्राझोसिनची गोळी वाचवते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं. ते मूळचे मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले. पुढे ७० पेशंटवरची त्यांची चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. नुसत्या प्राझोसिनने दहा तासांत २३ टक्के पेशंट पूर्ण सावरले, जोडीला प्रतिविष दिल्यावर ९१ टक्के! वसमतच्या डॉक्टरला हा पेपर मोबाईलवर वाचता येतो.

मात्र 'सापडलं म्हणजे बरोबर' हा समज सर्वांत घातक. त्याच २०११ साली अमेरिकेत विंचवाच्या एका प्रतिविषाला मान्यता मिळाली, पण ते तिकडच्या वेगळ्या जातीसाठी. शोधताना जात लिहिली नाही, तर डॉक्टर भलत्याच पानावर पोचेल. ऑस्ट्रेलियात ७५ डॉक्टर-परिचारिकांना ऑनलाइन पुरावे शोधायला दिले, तेव्हा बरोबर उत्तरं २९ टक्क्यांवरून ५० वर गेली. पण ७ टक्के वेळा आधीचं बरोबर उत्तर शोधाअंती चुकलं.

१९९७ पासून मोफत असलेल्या 'पबमेड' या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीवरही भक्कम आणि कच्चे अभ्यास शेजारीशेजारी असतात. तिथे नाव दिसलं म्हणजे उपचार सिद्ध झाला, असं नाही.

विंचवाचा पेशंट दारात आल्यावर वाचत बसायला सवड नसते. हे वाचन हळद काढणीच्या आधी व्हायला हवं, आणि प्राझोसिन व प्रतिविष जवळ कुठे मिळेल, याची चौकशीही तेव्हाच.