नीलमावर ॲसिडची नक्षी

शनीची पीडा टळावी म्हणून बोटात घालतात तो नीलम आणि कारखान्यात लागणारा नीलम, दोन्ही मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच. खड्याला निळा रंग येतो तो त्यातल्या लोह आणि टायटॅनियमच्या अंशामुळे. कारखान्यातला नीलम शुद्ध, म्हणून रंगहीन. त्याचे स्फटिक 2000 अंश सेल्सिअसच्याही वर वितळवलेल्या ॲल्युमिनापासून वाढवतात आणि हिऱ्याच्या तारेने कापून त्यांच्या चकत्या पाडतात.

या चकत्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एलईडी. पांढऱ्या एलईडीच्या पोटात बहुधा निळी चिप असते. ती गॅलियम नायट्राइडची, आणि तिचे थर नीलमाच्या चकतीवर वाढवतात. याच निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण नीलम आणि गॅलियम नायट्राइड यांचं पटत नाही. दोघांच्या अणुरचनेतल्या अंतरांत सुमारे 16 टक्के तफावत आहे, त्यामुळे वर वाढणाऱ्या थरात असंख्य दोष पडतात. शिवाय सपाट पृष्ठभागांमध्ये सापडलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत राहतो. बराचसा बाहेर पडतच नाही. यावर तोडगा निघाला तो असा: चकती सपाट ठेवायचीच नाही, तिच्यावर मायक्रॉनच्या मापाचे उंचवटे कोरायचे. तिरक्या बाजूंवर आपटून प्रकाशाची दिशा बदलते आणि त्याला सुटायला वाट मिळते. थरातले दोषही कमी होतात.

कोरायचं कसं? काचेला खाणारं हायड्रोफ्लुओरिक ॲसिड नीलमाला ढिम्म हलवत नाही. इथे लागतं तापलेलं सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक ॲसिडचं मिश्रण, बरेचदा तीनास एक या प्रमाणात. आधी चकतीवर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर चढवतात, फोटोलिथोग्राफीने त्यावर नक्षी उमटवतात आणि नको तिथला थर काढून टाकतात. उरलेला थर म्हणजे खालच्या नीलमाला झाकणारा मुखवटा. मग चकती ॲसिडमध्ये. तापमान 300 अंशांच्या आसपास असलं तर मिनिटाला साधारण एक मायक्रॉन नीलम विरघळतो. नुसतं सल्फ्युरिक वापरलं तर ॲल्युमिनियम सल्फेटची पुटं पृष्ठभागावर चिकटून बसतात. ती सोडवायला फॉस्फोरिक हवं. शेवटी उरलेला सिलिकॉन डायऑक्साइड काढायला तेच हायड्रोफ्लुओरिक कामी येतं, कारण नीलमाला त्याची बाधा नाही.

मुखवट्याचा ठिपका गोल असला तरी खालचा उंचवटा गोल होत नाही. स्फटिकाच्या सगळ्या दिशा सारख्या वेगाने झिजत नाहीत. सावकाश झिजणारे पैलू मागे राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीन बाजूंचे मनोरे दिसतात. आकार ठरवतो तो स्फटिक. कारागिराच्या हाती तापमान, वेळ आणि प्रमाण एवढंच.

म्हणूनच ठरावीक घाटाचे शंकू हवे असतील तर क्लोरीन आणि बोरॉन ट्रायक्लोराइडच्या प्लाझ्माने कोरतात. त्यात आकारावर ताबा राहतो, पण यंत्रं महाग आणि आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग दुखावण्याची भीती. ॲसिडची पद्धत स्वस्त, एका वेळी अनेक चकत्या उरकणारी. मात्र 300 अंशांचं ॲसिड हाताळणं जोखमीचं. गरम चकती एकदम गार केली तर तडकते, आणि अशा ॲसिडमध्ये पाण्याचे थेंब पडले तर ते उसळून अंगावर येतं.

घाट महत्त्वाचा असेल तर प्लाझ्मा, पृष्ठभाग निर्दोष आणि खर्च कमी हवा असेल तर ॲसिड, असा साधा हिशेब आहे. दोन्ही पद्धती एकामागून एक वापरणारेही आहेत, आणि त्यांचंच बरोबर आहे.