नव्वद बोल्टांची गोष्ट

विमानाला अपघात झाला की आपण पहिल्याने विचारतो, वैमानिकाचे काय चुकले? उड्डाणापूर्वी रात्रभर ज्यांचे हात त्या विमानावर फिरलेले असतात, त्या यंत्रज्ञांची आठवण आपल्याला सहसा होत नाही. आज त्यांच्याविषयी थोडे बोलू.

१० जून १९९० ची सकाळ. ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. आत ८१ उतारू होते. विमान सुमारे १७,३०० फुटांवर पोचले आणि कप्तानासमोरची काच एकाएकी उडाली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला! सहकाऱ्यांनी त्याला पायांनी घट्ट धरून ठेवले आणि उपवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. नवल असे, की कप्तानासह सारे वाचले.

काच उडाली कशी? ती २७ तासांपूर्वीच नवी बसवली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला कमी होते. किती कमी, ठाऊक आहे? एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतले अवघे २६ भाग! उरलेले ६ लांबीला आखूड. विमान उंच चढले की बाहेरची हवा विरळ होते आणि आतली हवा काचेला बाहेर रेटते. ही काच बाहेरून बसवलेली. तेव्हा सारी भिस्त बोल्टांवरच.

तुम्ही म्हणाल, कामगार बेफिकीर असेल. तसे नव्हते बरे का! तो अनुभवी होता, पाळीचा प्रमुख होता. माणसे कमी म्हणून काम त्याने स्वतःच अंगावर घेतले. वेळ पहाटेची. भांडारातल्या माणसाने योग्य माप सांगितले होते. पण काढलेल्या बोल्टासारखाच बोल्ट घालावा असे ठरवून त्याने अंधुक उजेडात नजरेनेच जोड शोधला. काचेपाशी एका बाजूने वाकून काम करावे लागे, त्यामुळे बोल्टाभोवतीची फट नीट दिसली नाही. आणि दुसऱ्याने हे काम तपासावे, असा नियमच नव्हता.

म्हणजे चूक एका हाताची, पण तिला वाट करून देणारे अनेक. कॅनडाच्या परिवहन खात्यातील गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३ मध्ये अशा चुकांमागची बारा कारणे मांडली. थकवा, कामाचा तगादा, चित्त विचलित होणे, निरोप नीट न पोचणे, साधनांची उणीव, फाजील आत्मविश्वास ही त्यांतलीच.

यावर उपाय साधे आहेत. बोल्ट डोळ्यांनी न जुळवता पुस्तकात क्रमांक पाहून घ्यावा. मोक्याचे काम दुसऱ्या जाणकाराने पुन्हा तपासावे. पाळी बदलताना उरलेले काम लिहून द्यावे. आणि चूक ध्यानात आली की ती निर्भयपणे सांगता यावी. जिथे चूक सांगणाऱ्याची धडगत नसते, तिथे चुका काही थांबत नाहीत; त्या लपवल्या जातात, एवढेच. आणि लपलेली चूक विमानाबरोबर आकाशात जाते.